उंबरा नसलेली खोली

मला आधी वाटलं, मशीनची वादी सुटली.

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात माझं शिवणकामाचं दुकान होतं. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. त्या दुपारी एका ब्लाउजला बाही जोडत होते आणि मशीन थांबलं. मी पाय मारतेय आणि सुई हलत नाही. म्हणून वाकून पाहिलं. वादी जागेवर होती. पाय मात्र पायडलवर नुसते ठेवलेले होते, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. मी ते हलवतेय असं फक्त मलाच वाटत होतं.

मी हातानं चाक फिरवून ती बाही पुरी केली, कारण गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. हे आता सांगताना माझं मलाच हसू येतं. बाही झाली, दोरा तोडला, उठायला गेले आणि कापडांच्या ढिगावर आडवी झाले.

कळतंय?

नाशिकच्या दवाखान्यात त्याच रात्री भरती केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज आहे. मी विचारलं, "पाय परत येतील ना?" ते म्हणाले, "थोडं येईल. किती, ते आज सांगता येणार नाही." पूनमचे पप्पा, म्हणजे माझे मालक, शेजारी उभे होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, कांदा काढायला आलाय, तवर होईल का?" मला त्यांचा राग आला नाही. घाबरलेलं माणूस जे तोंडात येईल ते विचारतं.

रोज सकाळी डॉक्टर यायचे, मला डोळे मिटायला सांगायचे आणि पायाच्या बोटांना टाचणी टोचायचे. "कळतंय?" मी "हो" म्हणायचे. "आता?" "हो." "आता?" "हो, हो." मग एके दिवशी ते हळूच म्हणाले, "ताई, या वेळी मी हात लावलाच नव्हता." मी डोळे उघडले नाहीत. खोटं पकडलं गेलं याची लाज नव्हती. पण "हो" म्हणत राहिलं की पाय ऐकतील अशी माझी वेडी आशा होती, ती तिथंच संपली.

पुढे औषधांनी, व्यायामानं थोडं परत आलं. आता मी धरून उभी राहते, भिंतीला हात लावून चार पावलं टाकते. पण कमरेखाली गार-गरम कळत नाही, वजन कळत नाही. एकदा घरी कढत पाण्यात पाय घातले आणि शेजारच्या काकू ओरडल्या तेव्हा समजलं. साल निघाली होती, दुखलं मात्र काहीच नाही. तेव्हापासून मला पाण्याची भीती वाटते. लोकांना नदीची वाटते, मला बादलीची.

मी उचलतो ना

आजारात मला सर्वांत जास्त कशाचा त्रास झाला, असं कुणी विचारलं तर मी प्रेमाचा सांगेन. माणसं पटकन उचलायला धावतात. पूनमच्या पप्पांचं तर प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असायचं, "मी उचलतो ना तुला. त्यात काय येवढं?" कांद्याची गोणी उचलणारा माणूस, त्यांना त्यात काही वाटायचं नाही. पण उचललं की माझ्या हातात काही उरत नाही. पाय कुठे लोंबतायत ते दिसत नाही, कुठे आपटतायत ते कळत नाही. मी त्यांच्या खांद्याचा शर्ट मुठीत धरून ठेवायचे आणि ते म्हणायचे, "अगं, गळा सोड की!"

मग बॅटरीवर चालणारी स्कूटर आली. खुर्चीसारखी सीट, पुढे हँडल, वेग बदलायला एक बटण. बटणाच्या एका टोकाला सशाचं चित्र, दुसऱ्याला कासवाचं. ह्यांनी तिला हळदीकुंकू लावलं, हँडलला लिंबू-मिरची बांधली आणि ट्रॅक्टर धुतात तशी धुऊन काढली. मी कासवावर ठेवून अंगणात गेले, परत आले. दोनदा गेट ठोकलं. खूप दिवसांनी मी कुणाला न विचारता कुठेतरी गेले होते, म्हणून रडू आलं.

तेवढ्यात पूनमचे दिवस भरत आले. पूनम ही आमची एकुलती एक मुलगी, नाशिकला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. पण तिचं ब्लडप्रेशर वर जायला लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की नाशिक सोडायचं नाही. जावयांना आई नाही. म्हणजे लेकीनं माहेरी यायच्या ऐवजी आईनंच लेकीकडे जायचं. आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही.

"मी उचलतो ना," पप्पा म्हणाले.

"तीन मजले? रोज?"

"मग काय, हॉटेलात राहायचं? लेक असताना?"

"हो," मी म्हटलं. "हॉटेलात."

पायरी नाही मॅडम

दवाखान्याजवळच्या एका हॉटेलला मी स्वतः फोन केला. लिफ्ट आहे का? आहे. पायऱ्या? "नाही मॅडम, एकदम प्लेन." बाथरूमला? "काही नाही मॅडम, तुम्ही बिनधास्त या."

स्कूटर पिकअपमध्ये फळी लावून चढवली आणि आम्ही निघालो. हॉटेलसमोर उतरलो तर दारातच काळ्या चकचकीत दगडाच्या तीन पायऱ्या. मी मॅनेजरकडे पाहिलं. तो हसत म्हणाला, "त्या बाहेरच्या आहेत मॅडम. आत काहीच नाही." आणि मी काही बोलायच्या आत त्यानं हाका मारल्या. वॉचमन, वेटर, कुणाचा तरी ड्रायव्हर, आणि आमचे पप्पा. चौघांनी मला स्कूटरसकट उचललं. एक बाजू आधी वर गेली. मी तिरकी झाले, आणि खाली फरशी दिसायला लागली. मी ओरडले. चौघंही एकदम म्हणाले, "काही होत नाही, काही होत नाही!" त्यांच्यापैकी कुणालाही होणार नव्हतंच.

लिफ्टमध्ये स्कूटर गेली, पण दार लागेना. मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं, मग स्कूटर जिन्यानं उचलून आणली. आणि खोलीत पोचल्यावर बाथरूमला उंबरा. चांगला वीतभर उंच, वर संगमरवराची पट्टी. मी मॅनेजरला म्हटलं, "तुम्ही तर म्हणालात पायरी नाही."

त्याला खरंच समजेना मी काय म्हणतेय. "ही पायरी कुठंय मॅडम? हा उंबरा आहे. पाणी बाहेर येऊ नये म्हणून."

त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. आपण कुणीच उंबऱ्याला पायरीत धरत नाही. मी आयुष्यभर उंबरे ओलांडले, त्यांवर रांगोळ्या काढल्या, दिवाळीला पणत्या ठेवल्या. माझ्या घराला पायरी आहे का, असं मला कुणी विचारलं असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं.

अंधार

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा म्हणाले, "खालून चहा घेऊन येतो, तू तवर पडून राहा." मी पडून राहिले नाही. त्यांनी मला बाथरूमला उचलून न्यावं हे मला नको होतं. आदल्या दिवशी चार माणसांच्या हातात गेल्यापासून मला कुणाचेच हात नको झाले होते. स्कूटर बाथरूमच्या दाराशी लावली, चौकट धरून उभी राहिले, एक पाय हातानं उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवला. मग दुसरा. नळाची दांडी धरली, गरम पाणी बादलीत सोडलं. मला वाटलं, जमलं.

आणि दिवे गेले.

तिथं खोलीच्या किल्लीऐवजी कार्ड होतं. दाराजवळच्या खाचेत ते असेल तरच वीज चालते. पप्पांना वाटलं ती किल्ली. किल्ली कुणी खोलीत ठेवून बाहेर जातं का? त्यांनी ती काढून खिशात घातली, दार ओढून घेतलं, दार आपोआप बंद झालं. थोड्या वेळानं वीज गेली. बाथरूमला खिडकी नव्हती.

उजेडात मी पायांकडे बघून उभी राहते. डोळ्यांनी बघितलं तरच मला कळतं की पाय कुठे आहेत. अंधारात ते नाहीसेच होतात. मी पडले. कशी, ते आठवत नाही. एवढंच कळलं की गाल ओल्या फरशीला लागलाय आणि कानाजवळ पाणी वाहतंय.

मी हाका मारल्या. माझाच आवाज टाइल्सवरून परत येत होता. फोन गादीवर राहिला होता. आणि मग मला ते पाणी आठवलं. बादली भरून वाहत होती, गरम पाणी. ते पायांवर येत होतं का? पाय कुठे होते? मी हात लांब करून चाचपायला लागले. मांडी सापडली, पण ती माझी आहे हे हाताला कळत होतं, मांडीला नाही. हात गुडघ्याच्या पुढे पोचेना. ती भीती कशी होती ते मला नीट सांगता येत नाही. मी तिथं होते आणि माझं अर्धं शरीर दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत होतं, आणि तिथं काय चाललंय ते मला कुणी सांगत नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं नाही. "पूनमचे पप्पा, पूनमचे पप्पा," एवढंच म्हणत राहिले.

दार उघडल्याचा आवाज आला, उजेड झाला. पप्पा चहाचे ग्लास हातात घेऊन उभे होते. ग्लास त्यांनी खाली ठेवले नाहीत, सोडून दिले. आधी नळ बंद केला, मग माझे पाय पाहिले. लाल झाले होते, पण भाजले नव्हते. त्यांनी मला उचललं आणि या वेळी मी काही म्हणाले नाही. गादीवर ठेवल्यावर ते माझ्याकडे पाठ करून बसले.

"घरी चल," ते म्हणाले. "हे नाय जमायचं आपल्याला. पूनमला जावई हायेत, दवाखाना हाय. तुला काय झालं तर लेकीला काय सांगू मी?"

मी हो म्हटलं. इथे मला धीट दाखवायचं नाही स्वतःला. मी लगेच हो म्हटलं आणि सुटल्यासारखं वाटलं.

सिलिंडर

सामान पिकअपमध्ये भरलं. पप्पा गाडी चालू करणार, तेवढ्यात पूनमचा फोन आला. तिला सकाळीच भरती करून घेतलं होतं.

"आई, कुठे आहात?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रस्त्यात."

"प्रेशर अजून वर गेलंय. ते म्हणतायत की आज-उद्या सिझर करावं लागेल." मग ती म्हणाली, "मला लई भीती वाटतेय आई."

पूनम नाशिकला गेल्यापासून शुद्ध बोलते. 'लई' म्हणाली तेव्हा ती मला शाळेतली वाटली. मी म्हटलं, "मलापण वाटतेय. मी इथंच आहे." फोन ठेवला आणि पप्पांना सांगितलं, "गाडी बंद करा."

"मग राहायचं कुठं? परत त्या अंधारात?"

आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला पिकअपमध्ये नुसते बसलो. समोर एका खानावळीसाठी गॅसचे सिलिंडर उतरत होते. माणूस भरलेलं सिलिंडर तिरकं करून बुडाच्या कडेवर गडगडत नेत होता, सपाट रस्त्यावर अगदी सहज. खानावळीच्या दारात पोचला आणि थांबला. वाकला, दोन्ही हातांनी सिलिंडर उचललं, आत ठेवलं, पुन्हा गडगडवायला लागला. तिथं उंबरा होता. नुसता बोटभर, इतक्या लांबून मला दिसलासुद्धा नव्हता.

मी फोन हातात घेतला आणि पुढच्या हॉटेलला विचारलं, "भाऊ, एक सांगा. भरलेलं सिलिंडर रस्त्यापासून तुमच्या खोलीच्या बाथरूमपर्यंत गडगडत न्यायचं झालं, तर कुठे कुठे उचलावं लागेल?"

"मॅडम, रूममध्ये सिलिंडर अलाउड नाही," म्हणून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्यानं मला पत्ता विचारला, बहुतेक पोलिसांना देण्यासाठी. पप्पा डोक्याला हात लावून बसले होते. पण तिसऱ्याला मी आधी माझ्या पायांचं सांगितलं, मग सिलिंडरचं. तो म्हणाला, "दारात दोन पायऱ्या, मग खोलीचा उंबरा, मग बाथरूमचा." झरझर सांगितलं. याच माणसाला मी नुसतं 'पायरी आहे का' विचारलं असतं, तर त्यानं नाही म्हटलं असतं अशी माझी खात्री आहे. सिलिंडर आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी ढकललेलं असतं. त्याचे अडथळे हातांना पाठ असतात.

आणखी काही फोन झाले. शेवटी हायवेकडच्या एका साध्या लॉजच्या मालकांनी फोन उचलला. ते म्हणाले, "थांबा ताई, बघून येतो." बराच वेळ गेला. मग म्हणाले, "तळमजल्याला एक खोली आहे. दारात उतार आहे, पूर्वी तिथं सामान ठेवायचो. पण ती आम्ही कुणाला देत नाही."

"का?"

"बाथरूमला उंबराच घातला नाही कारागिरानं. आंघोळ केली की पाणी खोलीत येतं. गिऱ्हाईक शिव्या घालतं."

"तीच द्या," मी म्हटलं.

पप्पा आधी एकटे आत गेले. बाथरूमच्या दारातून पाय घासत आत-बाहेर केलं, नळ सोडून पाणी कुठवर येतं ते पाहिलं, दिव्याला कार्ड आहे की साधं बटण आहे ते विचारलं. साधं बटण होतं. मग बाहेर येऊन माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. मी कासवावर ठेवून स्कूटर बाथरूमपर्यंत नेली. मला रडायला आलं. ती खोली इतकी साधी होती की तिच्यासाठी कुणी रडेल हे सांगून पटलं नसतं. तरी त्या दिवशी आत जाताना मी पप्पांना बाहेर उभं राहायला लावलं. "बोलत राहा," म्हटलं. ते बाहेरून कांद्याचे भाव सांगत राहिले.

तुमच्या घरी कुणी असं असेल तर एवढंच सांगते, 'सोय आहे का' असं विचारू नका. आपल्याकडे सोय नाही असं कुणी म्हणत नाही, आणि सोय म्हणजे त्यांच्या मनात चार माणसं उचलायला असतात. सिलिंडरचं विचारा. आणि कार्ड असेल तर ते काढून नेऊ नका. आतल्या माणसाचा उजेड जातो, स्कूटरचं चार्जिंगही थांबतं.

भाकरतुकडा

सिझर दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. ऑपरेशनला नेताना पूनमनं माझा हात धरला. स्कूटरवर बसलेली मी तिच्या स्ट्रेचरच्या बरोबर उंचीची होते, म्हणून दारापर्यंत मला तिच्या बरोबरीनं जाता आलं. तिनं विचारलं, "आई, कमरेखाली काही कळणार नाही म्हणतात. तुला असंच होतं का?" मी म्हटलं, "हो. पण तुझं संध्याकाळी परत येईल." ती आत गेली आणि माझे दात वाजायला लागले, ते बाळाच्या रडण्याचा आवाज येईपर्यंत थांबले नाहीत.

मुलगी झाली. तिला कपड्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. मी वाट पाहिली. वजन कळलंच नाही. डोळ्यांना बाळ दिसत होतं आणि मांडीवर काहीच नव्हतं. मी घाबरून म्हटलं, "घ्या हिला, घ्या, पडेल माझ्याकडून." जावयांनी पटकन घेतली. त्या दिवशी मी तिला पुन्हा हातात घेतलं नाही. सगळे म्हणाले की आजी दमली. दमले नव्हते मी.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की इतक्यात जिने चढायचे नाहीत. पूनम पलंगावर बसली होती. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "मग मी आईकडे जाते. तिची खोली तळमजल्याला आहे."

लॉजच्या दारात पिकअप थांबली. मालकांनी स्वयंपाकघरातून ताटलीत भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. बाळ पहिल्यांदा घरात येताना उंबऱ्यावर ते ओवाळून टाकायचं असतं. पप्पा तांब्या घेऊन खोलीच्या दाराशी गेले, खाली पाहिलं आणि घुटमळले.

"उंबरा कुठाय? ओवाळायचं कुठं?"

"नाहीये," मी म्हटलं. "म्हणून तर घेतली ही खोली. ओवाळा तिथंच."

पूनम हळू चालत पुढे आली आणि बाळ माझ्यापुढे धरलं. मी नको म्हणून मान हलवली. "मला कळत नाही गं ती मांडीवर आहे की नाही. खरंच कळत नाही."

"हातांना कळतं ना?" ती म्हणाली.

तिनं स्वतःची ओढणी माझ्या खांद्यावरून घेऊन झोळी बांधली. मग बाळाला त्यात ठेवलं. आता वजन खांद्यावर आलं. ते मला कळलं. केवढंसं होतं, तरी मी खांदा ताठ धरला. एक हात बाळाखाली ठेवला, दुसऱ्यानं हँडल धरलं. बटण कासवावर आहे ना, ते दोनदा पाहिलं.

पप्पांनी भाकरीचा तुकडा आमच्या दोघींवरून ओवाळला, पाणी ओवाळलं, बाजूला टाकलं आणि सरकून वाट दिली. मी अंगठ्यानं हँडलवरचा खटका दाबला. स्कूटर आत गेली. बाळ जागंसुद्धा झालं नाही.